मार लागलेला बटाटा आणि साडेपाच नॅनोमीटरचा कण

[दृश्य : बेळगाव मार्केट यार्ड. पोती उतरताहेत.]

बेळगावच्या यार्डात बटाट्याचे वर्ग आकारावरून पडतात. गोळी, मीडियम, मोठवड, गोळा. आकार सगळ्यांनाच दिसतो, त्यामुळं त्यावर वाद नाही. वाद होतो तो मार लागलेल्या मालावर. काढताना, पोतं आपटताना बटाट्याला आतून मार बसतो. साल तशीच राहते, डाग नंतर बाहेर येतो. तोवर सौदा होऊन गेलेला असतो, आणि तूट कुणाच्या नावावर टाकायची ते शेतकऱ्याला कुणी विचारत नाही.

[दृश्य : दोन पडदे शेजारी शेजारी.]

डावीकडं साधा कॅमेरा. बटाटा स्वच्छ. उजवीकडं तोच बटाटा, आणि त्यावर हा काळपट ठसा. उजवा कॅमेरा अवरक्त प्रकाश टिपतो, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा; त्याची तरंगलांबी १४५० नॅनोमीटरच्या आसपास. (नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग.) पाणी हा प्रकाश शोषून घेतं. मार लागला की पेशी फुटतात, पाणी सुटतं, तेवढी जागा काळी दिसते. बटाटा मात्र धुतलेला हवा; तांबड्या मातीपुढं याचंही काही चालत नाही.

"ह्यात काय बघायचं? हाताला लागतंय की," निवडणीला बसलेल्या मावशी म्हणतात.

"मावशी, हाताला लागायच्या आधीच दिसतंय ह्यात."

मोबाइलमधल्या सिलिकॉनच्या सेन्सरला ११०० नॅनोमीटरच्या पुढचं दिसत नाही. त्यापुढचं बघायला आजवर इंडियम गॅलियम आर्सेनाइड हा वेगळा अर्धवाहक पदार्थ लागायचा. त्याचे थर इंडियम फॉस्फाइडच्या महागड्या चकतीवर वाढवायचे, मग ती चिप दुसऱ्या चिपवर नेमकी जोडायची. असा कॅमेरा लाखांच्या घरात जातो. यार्डात तो कोण आणणार?

[दृश्य : प्रयोगशाळा. चंबू, जवळून.]

म्हणून हा चंबू नीट बघा. खानापूर तालुक्यातल्या एका शेतकऱ्याची मुलगी इथं संशोधन करते. चंबूत ओलेइक ॲसिडात विरघळवलेलं लेड ऑक्साइड तापतंय. आत हवा शिरता कामा नये, म्हणून वरून नायट्रोजन. आता सिरिंज. त्यात गंधकाचं संयुग आहे, ते एका दमात आत जातं.

[इथं निवेदन थांबवा. रंग बदलू दे.]

पाण्यासारखा नितळ द्रव, आणि बघता बघता गडद तपकिरी. लेड सल्फाइडचे स्फटिक जन्मले. हेच क्वांटम डॉट : इतके बारीक कण, की कुठला प्रकाश टिपायचा ते त्यांच्या आकारावर ठरतं. थेंब थेंब सोडलं असतं तर लहानमोठे कण एकत्र झाले असते. एकदम सोडलं की सगळे एकाच वेळी जन्मतात आणि एकसारखे वाढतात. ही युक्ती मौंगी बावेंडी यांच्या गटानं १९९३ मध्ये दाखवली. २०२३ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना लुई ब्रूस आणि अलेक्सी एकिमोव्ह यांच्यासोबत मिळालं.

कण ३ नॅनोमीटरचा असेल तर तो १००० नॅनोमीटर तरंगलांबीच्या अलीकडचाच प्रकाश टिपतो. साडेपाचच्या आसपास गेला की १४५०. पदार्थ तोच. इथंही गोळी आणि मोठवडच, फक्त मापं नॅनोमीटरची.

कण धुऊन त्यांची शाई करायची आणि तयार सिलिकॉन चिपवर ओतून चिप गरगर फिरवायची. पातळ, एकसारखा थर बसतो. कणांभोवतीच्या ओलेइक ॲसिडच्या लांब साखळ्या काढून तिथं आखूड रेणू बसवले की वीज वाहायला लागते. चकती वाढवणं नाही, चिपला चिप जोडणं नाही. स्वस्ताई येते ती इथून.

शिसं विषारी आहे, त्याला पर्याय म्हणून इंडियम आर्सेनाइड आणि सिल्व्हर टेल्युराइडवर काम चालू आहे. चित्राच्या दर्जात जुना महागडा सेन्सर अजून पुढं आहे. निवडणीच्या बायकांच्या रोजगाराचाही विचार करावा लागेल.

[दृश्य : यार्ड, वजनकाटा.]

ऑनसेमी या चिप कंपनीनं २०२४ मध्ये असे कॅमेरे बनवणारी एक कंपनी विकतच घेतली. म्हणजे बाजाराला याची किंमत कळली आहे. उद्या हा कॅमेरा यार्डात आला, तर तो दुकानाच्या आतल्या खोलीत नको. काट्याशेजारी ठेवा, पडदा शेतकऱ्याकडं करून.