महामार्ग बाहेरून गेला तेव्हा : सावंतवाडीची कमाई कुठून येते?

(दृश्य : सकाळचा मोती तलाव. फेरी मारणारे लोक, काठावरची शाळकरी मुलं, मागे राजवाडा.)

सावंतवाडीचा मोती तलाव गावाच्या कडेला नाही, गावाच्या मध्यावर आहे. जवळच राजवाडा. बाजारपेठ आणि लाकडी खेळण्यांची चितारआळीही चालत जाण्याच्या अंतरावर. भोसले संस्थानाची ही राजधानी. कोर्ट-कचेऱ्या, वाचनालय, शाळा, छापखाने, सराफ असं सगळं इथं लवकर आलं. श्रीराम वाचन मंदिर १८५२ सालचं. आसपासच्या खेड्यांतला माणूस दाखल्यासाठी, लग्नाच्या खरेदीसाठी, कोर्टाच्या तारखेसाठी इथं यायचा आणि जाताना चार पैसे इथं सोडून जायचा. गावाची कमाई म्हणजे मुळात ही अशी येणाऱ्या-जाणाऱ्यांवरची कमाई.

संस्थान गेलं. १ मे १९८१ रोजी सिंधुदुर्ग जिल्हा झाला तेव्हा मुख्यालय ओरोसला नेलं. तरी सावंतवाडीचं फारसं बिघडलं नाही, कारण एक मोठी गोष्ट शाबूत होती. मुंबई-गोवा महामार्ग गावातूनच जात होता.

(दृश्य : झाराप ते पत्रादेवी, चौपदरी रस्ता. भरधाव गाड्या. कडेला 'सावंतवाडी'कडे वळायची पाटी.)

आता जात नाही. झाराप-पत्रादेवी हा चौपदरी टप्पा शहराला बाहेरूनच वळसा घालतो. मुंबईहून निघालेली गाडी सावंतवाडीची पाटी बघते आणि गोव्याच्या हद्दीत शिरते. चहा, नाश्ता, पंक्चर, पेट्रोल, लाकडी खेळण्यांचा एखादा करंडा, यातलं काहीच आता आपसूक घडत नाही. त्यासाठी मुद्दाम वळावं लागतं. गावातली गर्दी कमी झाली, अपघात कमी झाले, हेही खरंच; रस्ता पुन्हा गावातून न्या असं कुणी शहाणा माणूस म्हणणार नाही. पण वाटसरूवर चालणारी दुकानं वाटसरूशिवाय कशी चालवायची, याचा विचार रस्त्याच्या आराखड्यात नव्हता. तो तसा कधीच नसतो.

रेल्वेचीही तीच गत. कोकण रेल्वे १९९८च्या जानेवारीत पूर्ण मार्गावर धावू लागली, पण 'सावंतवाडी रोड' हे स्टेशन आहे मळगावला. गाडीतून उतरलं की पुन्हा रिक्षा. दादरहून येणारी तुतारी एक्सप्रेस आणि दिवा स्टेशनाहून येणारी गाडी इथंच थांबतात, इथूनच परत फिरतात. मोठ्या टर्मिनसचं भूमिपूजन २०१५ साली झालं. लोकांनी त्यासाठी आंदोलनं केली, उपोषणं केली. गाड्या इथं संपू लागल्या की स्टेशनाभोवती एक बाजार उभा राहतो, आणि तो हवा होता म्हणून.

विमानतळ तर दोन आले. ९ ऑक्टोबर २०२१ला चिपीचं उद्घाटन झालं. तिथली विमानांची ये-जा मात्र कधीच भरवशाची राहिली नाही. आणि जानेवारी २०२३ मध्ये हद्दीपलीकडे गोव्यात मोपा सुरू झालं. हद्दीवरच्या बांद्याहून मोपा इतकं जवळ की सावंतवाडी तालुक्यासाठी खरा विमानतळ तोच.

(दृश्य : पहाटेचा बसस्टँड. दुचाक्यांची रांग दक्षिणेकडे.)

"खंय चललंस?"
"गोव्याक."

पहाटे या रस्त्यावर दुसरं उत्तर क्वचित ऐकू येतं. पेडणे, म्हापसा, पर्वरी, थेट वेर्ण्यापर्यंत. औषधांचे कारखाने, हॉटेलं, बांधकामं, आता मोप्याचा विमानतळ. सावंतवाडीचे तरुण रोज सकाळी गोव्यात जातात, रात्री परत येतात. पूर्वीची पिढी मुंबईला गेली आणि चाकरमानी झाली. तिनं मनीऑर्डरी पाठवल्या, गणपतीला आली, म्हातारपणी घर दुरुस्त केलं. ही पिढी रोज घरी जेवायला असते. म्हणायला हा बदल बरा. पण तिचा दिवस गोव्यात जातो, आणि दिवसाबरोबर खर्चही. दुचाकीची टाकी तिथं भरायची, कारण पेट्रोल तिथं स्वस्त. घरात मोठं आजारपण आलं की रुग्णवाहिकासुद्धा गोव्यातल्या बांबोळीच्या सरकारी रुग्णालयाच्या दिशेनं निघते.

आकडेच बघायचे तर २००१ साली सिंधुदुर्ग जिल्ह्यात ८,६८,८२५ माणसं होती. २०११च्या जनगणनेत ती ८,४९,६५१ भरली. दहा वर्षांत लोकसंख्या घटलेली. आणि हजार पुरुषांमागे स्त्रिया १,०३६. हा शेवटचा आकडा कौतुकानं सांगितला जातो, जणू इथं काही सामाजिक चमत्कार झालाय. खरं कारण साधं आहे : कमावते पुरुष बाहेर आहेत.

(दृश्य : काजूची बाग. झाडाखाली पडलेले बोंडू, म्हणजे काजूची फळं.)

हद्दीचा फरक सगळ्यांत स्पष्ट दिसतो तो काजूच्या झाडाखाली. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रानं काजूच्या ज्या जाती काढल्या, त्यातली वेंगुर्ला-४ आणि वेंगुर्ला-७ इथल्या बागांत रुजली. बी उत्तम, गर मोठा. फळ तेच, माती तीच. पण हद्दीपलीकडे बोंडूचा रस काढून त्याची दारू होते : हुर्राक होते, फेणी होते. फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. हद्दीच्या अलीकडे मात्र बी काढून घेतली की बोंडू बहुतेक झाडाखालीच कुजतो. बीलाही तिकडे आधार आहे : गोवा सरकारनं २०२३ साली काजूबीचा आधारभूत दर किलोला १५० रुपये केला. इकडच्या शेतकऱ्यानं हमीभावासाठी मोर्चे काढले आणि आयात बी स्वस्त पडते म्हणून व्यापारी सांगेल त्या भावाला माल घातला. ज्या जिल्ह्याला १९९७ साली देशातला पहिला पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर केलं, त्यानं दारात पिकणाऱ्या फळाचा अर्धा भाग फेकून द्यावा, हे कोड्यात टाकणारं आहे.

(दृश्य : चितारआळी. दुकानाबाहेर टांगलेली केळी, आंबे, मिरच्या, वांगी. सगळी लाकडाची.)

आता चितारआळीत या, आणि जरा वेळ काढून या.

ही केळी खाता येत नाहीत, हे सांगावं लागतं इतकी ती खरी वाटतात. सालीवरचे तपकिरी ठिपके, कापलेल्या पपईतल्या बिया, वांग्याच्या देठावरचे काटे. चितारी घराण्यांनी हे काम पिढ्यान्‌पिढ्या केलं. लाकूड पांगाऱ्याचं. हलकं, मऊ, रंग चांगला धरणारं. पूर्वी पांगारा कुंपणाला असायचा, मिरवेलीला आधार म्हणून लावलेला असायचा. लाकूड विकत आणायचं म्हणजे शेजारच्या वाडीत जायचं. बागा बदलल्या, तारेची कुंपणं आली, आणि हवा तेवढा, हवा तसा पांगारा मिळेनासा झाला. कारागिरानं दुसऱ्या लाकडांवर हात बसवला. ती जड असतात, तासायला वेळ घेतात. गिऱ्हाइकाला यातलं काही दिसत नाही. त्याला दिसते किंमत, आणि तो प्लास्टिकच्या खेळण्याशी तुलना करून घासाघीस करतो.

तासणं, घासणं, भेगा बुजवणं, अस्तर देणं, रंगाचे हात चढवणं, आणि प्रत्येक हातानंतर वाळायला ठेवणं. पावसाळ्यात हे वाळणंच अडतं. कोकणातला पावसाळा चार महिन्यांचा. आणि चतुर्थीच्या खरेदीसाठी माल लागतो तो नेमका त्याच्या शेवटी. म्हणजे ऐन हंगामाचा माल उन्हाळ्यातच करून ठेवायचा, पैसा गुंतवून. बँकेच्या कर्जाच्या फॉर्मवर या गोष्टीला रकाना नसतो.

गंजिफाची कथा थोडी वेगळी. गोल पत्ते, हातानं रंगवलेले. दशावतारी गंजिफेत दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शापर्यंत दहा, मिळून बारा. एकूण १२० पानं. इंग्रजी पत्त्यांनी हा खेळ घरांतून घालवला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सावंतवाडीच्या राजघराण्यातले शिवरामराजे भोसले आणि सत्वशीलादेवी यांनी स्वतः ही कला शिकून घेतली आणि राजवाड्यातच कारागिरांना बसवलं. आजही दरबार हॉलमध्ये चित्रकार मांडी घालून काम करताना दिसतात. खेळणारे जवळपास उरले नाहीत. संच जातो तो भेटवस्तू म्हणून, संग्राहकाकडे, परदेशी पाहुण्याकडे. पण जातो. राजवाड्याच्या एका भागात छोटं हॉटेल झालंय. इथं मुक्काम करणारा पाहुणा पत्ते रंगवणारा माणूस बघतो, मग किंमत विचारतो. चितारआळीतल्या कारागिराला ही सोय नाही. त्याचं काम चालतं घराच्या मागच्या पडवीत, आणि गिऱ्हाईक उभं असतं पुढच्या दुकानात.

२०२४ साली गंजिफाला आणि लाकडी कामाला, दोघांनाही भौगोलिक मानांकन मिळालं. चांगलं झालं. पण मानांकनानं लाकूड मिळत नाही, आणि बाहेरून आलेलं यंत्रावरचं खेळणं शेजारच्या हुकाला टांगलं तर ते आपोआप खालीही पडत नाही.

(दृश्य : मंगळवारचा आठवडा बाजार. भाज्या, सुकी मासळी, सुरंगीचे वळेसर.)

मंगळवारी मात्र गाव भरतं. आंबोली घाट उतरून बेळगावची भाजी येते, आसपासच्या वाड्यांतून बायका पालेभाजी, कोकम, शेवग्याच्या शेंगा घेऊन बसतात. हा बाजार कुणा पर्यटकासाठी नाही, म्हणून महामार्गानं त्याचं काही बिघडवलं नाही.

तलावाभोवती मात्र पर्यटकांसाठी पुष्कळ झालं. कारंजी झाली, दिवे झाले, केशवसुत कट्टा झाला. संध्याकाळी तिथं बसायला खरंच छान वाटतं. पण कट्ट्यावर बसलेला माणूस भेळ खाऊन तासाभरात मालवणला किंवा गोव्याला निघून जातो. त्याला मुक्कामाला थांबवायचं तर आंबोलीचा पाऊस, राजवाडा, चितारआळी आणि रात्रीचं दशावतारी नाटक हे एका दिवसात बसवून दाखवणारं कुणीतरी हवं. यातलं काहीच नव्यानं बांधायचं नाही.

कारागिरांसाठी तर मागणी त्याहून छोटी आहे. सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकेत पांगारा लावा. पांगाऱ्याची फांदी रोवली तरी फुटते. बांधावर लावायला शेतकऱ्याला फार पटवावंही लागणार नाही. आणि चितारआळीत कुणी करंडा घेताना भाव पाडायच्या आधी एवढं विचारावं, "हे इथंच केलंय ना? कुणी केलं?" दुकानदाराला उत्तर माहीत असतं. बऱ्याचदा करणारा मागच्या पडवीतच बसलेला असतो.