कचऱ्याचा खर्च ठरतो भिंत पाडण्याआधी

[दृश्य: अंगणातला मोठा ढीग. कॅमेरा हळूहळू जवळ जातो.]

घराच्या दुरुस्तीचं काम काढलं की आपण पै-पैचा हिशेब मांडतो. सिमेंट, फरशी, रंग, मजुरी. बागेचं काम असेल तर रोपं, माती, खत. निघालेला माल बाहेर काढायचा खर्च मात्र त्या कागदावर बहुतेक वेळा नसतोच. काम संपत येतं, दारात ढीग उभा राहतो, आणि मग मिळेल ती गाडी बोलावून मागेल ते भाडं द्यावं लागतं.

हा ढीग जरा नीट पाहा. विटांचे तुकडे आहेत, त्यांच्यावर रंगाचा अर्धवट डबा लवंडलाय. खाली दाराची जुनी चौकट दबलीय, तिच्यात वायरी अडकल्यात, आणि सगळ्याच्या वर कुंपणाच्या छाटलेल्या फांद्या. यातली जवळजवळ प्रत्येक वस्तू सुटी असती तर कुणीतरी घेऊन गेलं असतं. आता मात्र हा माल घेणाऱ्याला आधी तो निवडत बसावं लागणार. म्हणून मिश्र ढिगाला दर चढा लागतो, कितीदा तर त्यातल्या सर्वांत त्रासदायक वस्तूचा दर सगळ्या गाडीला लागतो.

पहिला घाव घालण्याआधी जागा वाटून घ्यायच्या. एका कोपऱ्यात विटा-काँक्रीट, एकीकडे लाकूड, धातूसाठी एक गोणी, हिरव्या कचऱ्याला ताडपत्री. छताला किंवा आडभिंतीला लावलेले जिप्समचे बोर्ड निघणार असतील तर ते वेगळे आणि कोरडेच ठेवायचे. कोरड्या, स्वच्छ जिप्समपासून पुन्हा जिप्सम करता येतं. तेच ओलं होऊन कचऱ्याच्या डेपोत गाडलं गेलं, की हवेविना कुजताना त्यातून हायड्रोजन सल्फाइड नावाचा विषारी वायू सुटतो.

[दृश्य: घमेल्यात भरलेला राडारोडा. कामगार ते उचलतो.]

राडारोड्यात खरा प्रश्न वजनाचा. अर्ध्या विटेच्या जाडीची भिंत, दोन्ही बाजूंनी प्लास्टर केलेली, एक चौरस मीटर पाडली तरी 200 किलोंहून जास्त माल निघतो. काँक्रीट तर घनमीटरला सुमारे 2,400 किलो. त्यामुळे अर्धीच भरलेली दिसणारी गाडीसुद्धा वजनाने कधीच भरलेली असते. फांद्यांचं नेमकं उलट. गाडी ओसंडून वाहते आणि वजन काहीच नसतं, कारण आपण हवा वाहून नेत असतो. एखादा दर वजनावर आहे की आकारमानावर, हे आधी विचारून घेतलं तर कुठला माल कुठे द्यायचा ते आपोआप कळतं.

आता या विटेकडे या. ही चुन्यात बसवलेली आहे. छिन्नी आडवी धरून हलका ठोका दिला, की चुना पापुद्र्यासारखा सुटतो आणि आख्खी वीट हातात येते. शेजारची वीट सिमेंटमध्ये बसवलेली आहे. तिच्यावर तोच ठोका घातला तर सिमेंट जागचं हलत नाही, वीटच तुटते. तेव्हा दोन-चार विटा काढून पाहायच्या. चुना असेल तर भिंत वरून खाली, थराथराने उतरवायची. वेळ लागतो, पण या विटा मागून नेणारे लोक असतात. सिमेंटवाल्या विटांचे तुकडे करून ते पायवाटेखाली किंवा फरशीच्या खालच्या भरावात कुटून बसवता येतात. झाडांच्या मुळांशी मात्र हे तुकडे पुरू नका. सिमेंट आणि चुन्यामुळे माती अल्कधर्मी होते, आणि बऱ्याच झाडांना ते सोसत नाही.

दारं, खिडक्या, बेसिन, नळ न फोडता काढले तर ते कुणाच्या ना कुणाच्या घरी बसतात. उरलेल्या फरशांपैकी थोड्या स्वतःकडे ठेवा, पुढे एखादी तडकली तर तोच रंग बाजारात मिळेल याची खात्री नसते. तांबं, पितळ, अॅल्युमिनियम, लोखंड भंगारात जातं आणि उलट पैसे मिळतात.

[दृश्य: खड्डा खणताना दोन वेगळे होत जाणारे मातीचे ढीग.]

मातीतही एक भेद आहे. वरची वीतभर काळसर माती जिवंत असते. तिच्यात कुजलेला पाला असतो, गांडुळं असतात. ती वेगळी काढली तर कुणीही बागवाला आनंदाने नेईल. तिच्यात खालचा मुरूम आणि विटांचे तुकडे मिसळले, की फुकटसुद्धा कुणी घेत नाही.

आणि बागेतला कचरा? याबद्दल थोडं सविस्तर बोलावंसं वाटतं, कारण त्यातला बराचसा आवाराबाहेर जायची गरजच नसते. नुकत्याच कापलेल्या गवताच्या वजनात तीन-चतुर्थांशाच्या वर पाणी असतं. ते ओलं असताना भाड्याच्या गाडीत भरणं म्हणजे पैसे देऊन पाणी वाहून नेणं. ते पसरून वाळू द्यावं, नाहीतर तिथेच खत करावं.

खतासाठी ढीग लांबी-रुंदी-उंचीला साधारण मीटरभर हवा. त्याहून लहान ढिगात ऊब टिकत नाही. एक भाग ओलं, हिरवं, आणि दोन ते तीन भाग कोरडं, म्हणजे वाळका पाला, भुसा, फाडलेला पुठ्ठा. मूठभर माल घट्ट पिळून पाहा. एक-दोन थेंब आले तर ओल बरोबर. धार लागली तर कोरडा पाला वाढवा. कुबट वास येऊ लागला, तर आत हवा पोचत नाहीये. ढीग उलथा, कोरडा माल मिसळा, वास जातो. चांगला जमलेला ढीग आतून 55 ते 65 अंश सेल्सिअसपर्यंत तापतो. उलथून त्याचा प्रत्येक भाग त्या उबेत आणला, तर तणाचं बहुतेक बी मरतं. काही आठवड्यांत ढीग निम्म्यावर बसलेला दिसतो.

फांद्या बारीक तोडल्या किंवा यंत्रात घालून चुरा केला, की ढीग एकदम लहान होतो. तो चुरा झाडांखाली पाच ते आठ सेंटिमीटर पसरा. ओल टिकते, तण कमी येतं. खोडाभोवती थोडी जागा मोकळी सोडा, नाहीतर साल कुजते.

[दृश्य: वेगळे ठेवलेले डबे, चिंध्या, नळीचे दिवे.]

काही वस्तूंच्या बाबतीत काटकसर करायची नाही, हे कळकळीने सांगतो. जुन्या छपराचा पत्रा अॅस्बेस्टॉसचा असण्याची शंका जरी आली तरी तो तोडू नका, कापू नका. त्याचे सूक्ष्म तंतू फुप्फुसात गेले की अनेक वर्षांनी कर्करोग होऊ शकतो. ते काम जाणकाराकडेच द्या. वाळवीविरोधी रसायन लावलेलं लाकूड जाळू नका. काही जुन्या लाकडांत आर्सेनिक असतं, ते धुरात आणि राखेत येतं. जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्या बोळा करून टाकल्या तर आपोआप पेट घेऊ शकतात, म्हणून त्या उघड्यावर एकेक पसरून वाळवा. पाण्यातला उरलेला रंग भुशात किंवा वाळूत कालवून पूर्ण सुकवता येतो. तेलातला रंग, थिनर, पाऱ्याचे दिवे यांच्यासाठी घातक कचऱ्याचं संकलन कुठे होतं ते शोधा.

एवढं करून जे उरेल, त्यालाच गाडी लागेल. शेजाऱ्यांकडेही काम चालू असेल तर भाडं वाटून घ्या. आणि एखादा फारच स्वस्तात न्यायला तयार झाला, तर माल कुठे उतरवणार ते त्याला विचारा आणि तिथली पावती मागा. त्याने ठिकाण सांगायचं टाळलं, तर तो माल बहुधा रात्री एखाद्या ओढ्याच्या काठी रिकामा होणार असतो. तेव्हा त्याला गाडी भरू देऊ नका.