अकरा रुपये आठ आणे

(दृश्य: पाऊस उघडल्यानंतरची सकाळ. फोंडा तालुक्यातलं कौलारू घर. राजांगणात तुळशीवृंदावन. आतून आरतीच्या टाळांचा आवाज.)

चवथीला गोव्यातली घरं भरतात. एरवी जिथे तीन माणसं राहतात, तिथे पाच दिवस बावीस. मुंबईचे, पुण्याचे, वास्कोचे आणि एक जण थेट दुबईहून. ताण चुलीवर येतो, न्हाणीघरावर येतो आणि अलीकडे आणखी एका वस्तूवर येतो. ओसरीच्या भिंतीवरच्या राउटरवर.

यंदा दुसऱ्याच दिवशी नेट रडायला लागलं. काकींनी गावातल्या, नेटची कामं करणाऱ्या मुलाला बोलावलं. त्याने लॅपटॉपवर राउटरचं पान उघडलं. जोडलेल्या उपकरणांची यादी: एकतीस नोंदी. काही ओळखीच्या, काकांचा फोन, टीव्ही. एका नोंदीला मात्र नावच नव्हतं.

(पडद्यावर: बी८:२७:ईबी:१२:३४:५६)

"शेजारचं कोणीतरी आमचं नेट वापरतंय," काकी म्हणाल्या. नेमका कोणावर संशय होता तेही त्यांनी सांगितलं. आम्ही ते ध्वनिमुद्रणातून काढलं आहे.

हा मॅक पत्ता. नेटवर्कला जोडल्या जाणाऱ्या प्रत्येक यंत्राच्या कार्डावर कारखान्यातच कोरलेला. आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कवरचा तात्पुरता क्रमांक, राउटर वाटून देतो. आज हा, उद्या दुसरा. मॅक पत्ता यंत्राबरोबर येतो. घरात राउटरला कोणाला काही पोचवायचं असेल तर तो आधी सगळ्यांना ओरडून विचारतो, "हा आयपी कोणाचा?" ज्याचा असेल तो आपला मॅक कळवतो. या विचारपूसीचा नियम १९८२ साली लिहून ठेवला गेला. त्याला एआरपी म्हणतात आणि तो अजून तसाच चालतो. पण हा पत्ता उंबरठ्याच्या आतलाच. राउटरच्या पलीकडे तो जात नाही. दुबईच्या सर्व्हरला काकींच्या टीव्हीचा मॅक एरवी दिसत नाही.

आता ती अक्षरं. आकड्यांत बी, ई कुठून आले?

(दृश्य: माजघर. आजी सुपारी कातरते आहे.)

इथे आमच्या मदतीला घरची आजी आली. वय पंच्याऐंशी. तिची शाळा पोर्तुगीज अमदानीतली. तेव्हा गोव्यात रुपया होता आणि रुपयाचे सोळा तांगे. घोड्याचा टांगा नव्हे, नाण्यातला तांगा. १९५८ साली एस्कुदो आला तेव्हा हा हिशेब गेला. घाटावर सोळा आणे होते, ते १९५७ पासून मोडीत निघाले. पण सोळाचा पाढा आजीच्या जिभेवर अजून आहे.

मॅक पत्ता याच हिशेबात लिहिलेला असतो. सोळाच्या. फक्त एका घरात एकच चिन्ह बसवायचं म्हणून दहाला ए, अकराला बी, असं करत पंधराला एफ. प्रत्येक जोडीतलं पहिलं चिन्ह रुपये, दुसरं आणे. बी८ म्हणजे अकरा रुपये आठ आणे. आम्ही आजीला विचारलं, याचे एकूण आणे किती?

अडकित्ता थांबला नाही. "अकरा सोळा एकशे शहात्तर, आणि आठ. एकशे चौऱ्याऐंशी."

बरोबर. २७ म्हणजे दोन रुपये सात आणे, ३९. ईबी म्हणजे चौदा रुपये अकरा आणे, २३५. आणि एफएफ, पंधरा रुपये पंधरा आणे, २५५: याच्यापुढे एक आणा वाढला की जोडी फुटते. सहाच्या सहा जोड्या एफएफ असल्या तर तो कोणा एकाचा पत्ता नसतो, ती नेटवर्कमधल्या सगळ्यांना मारलेली हाक असते. राउटर मघाशी ओरडला तो याच पत्त्यावर.

गोंधळ होतो तो आकड्यामुळे नाही, लिहिण्याच्या तऱ्हांमुळे. लिनक्स आणि फोन जोड्यांमध्ये विसर्गासारखी दोन टिंबं देतात. विंडोज आडव्या रेघा देतं. सिस्को कंपनीचे स्विच (यंत्रं जोडणाऱ्या पेट्या) चार-चार चिन्हांचे तीन गट करून मधे एकेक टिंब देतात: बी८२७.ईबी१२.३४५६. आणि नेटवर्कवर पाळत ठेवणाऱ्या काही प्रणाली सरळ आजीच्या आण्यांत बोलतात: १८४.३९.२३५.१८.५२.८६. हा शेवटचा प्रकार पाहून चांगले जाणते लोक त्याला आयपी समजतात. सहा आकडे आहेत, नेहमीच्या आयपीला चारच असतात, एवढं पाहिलं तरी पुरतं. आणे असतील तर आधी त्यांच्या जोड्या करायच्या, मग टिंबं-रेघा काढून बाराच्या बारा चिन्हं सलग लिहिली की ही सगळी सोंगं उतरतात. अक्षरं मोठी की छोटी, यालाही काही अर्थ नाही.

बारा चिन्हं म्हणजे ४८ बिट, चिन्हामागे चार; बिट म्हणजे एक शून्य किंवा एक एक. एवढे कशाला? झेरॉक्सच्या प्रयोगशाळेत १९७३ साली इथरनेटची, म्हणजे यंत्रं तारेने जोडण्याच्या पद्धतीची, कल्पना निघाली, तेव्हाच्या प्रायोगिक जाळ्यात पत्ता आठच बिटांचा होता, म्हणजे फार तर २५६ यंत्रं. पुढे जगातल्या प्रत्येक यंत्राला एकमेव क्रमांक द्यावा, ते कुठेही नेलं तरी क्रमांक बदलू नये, अशी मांडणी १९८१ च्या एका निबंधात झाली. त्याच्या दोन लेखकांपैकी एक योगेन दलाल, पवईच्या आयआयटीचे माजी विद्यार्थी. ४८ बिटांत २८१ लाख कोटींहून जास्त पत्ते बसतात.

ते एकमेव राहावेत म्हणून वाटणी दोघांत झाली. पहिल्या तीन जोड्या आयईईई ही संस्था उत्पादकाला देते, उरलेल्या तीन उत्पादक स्वतः भरतो. अशा एका गटात १ कोटी ६७ लाख ७७ हजार २१६ यंत्रं मावतात. पिनकोडात ४०३ दिसलं की पत्र गोव्याचं हे टपालवाल्याला कळतं, तसंच हे. ही यादी सर्वांना खुली आहे. मुलाने तिच्यात बी८-२७-ईबी शोधलं.

रास्पबेरी पाय. तळहाताएवढा संगणक.

(दृश्य: गणपतीसमोरची माटोळी, म्हणजे वर टांगलेली फळापानांची चौकट. नारळ, सुपारीचे घड, तोरिंजन. कॅमेरा हळूहळू वर.)

शेजारी निर्दोष सुटले. पुण्याच्या पुतण्याने माटोळीच्या चौकटीवर, नारळांच्या आड, हा संगणक बांधला होता. आरती सुरू झाली की दिव्यांचे रंग बदलावेत म्हणून. कोणाला सांगितलं नव्हतं. त्याला सगळ्यांना चकित करायचं होतं, आणि ते काकींच्या बाबतीत साधलंही.

उरलेल्या तीस नोंदींपैकी एकोणीस मात्र कुठल्याच उत्पादकाच्या यादीत सापडेनात. त्यांच्यासाठी पुन्हा आणेच मोजायचे, पहिल्या जोडीचे. आणे चार-चारच्या पावल्यांत नेमके बसले, म्हणजे शून्य, चार, आठ किंवा बारा, तर पत्ता कारखान्याचा. बी८ चे आठ, दोन पावल्या. वर दोन आणे उरले, म्हणजे २, ६, ए किंवा ई आलं, तर तो पत्ता यंत्राने स्वतः रचलेला. आणे विषम असतील तर पत्ता एकाचा नाही, गटाचा. ते एकोणीस फोन होते. २०१९ च्या अँड्रॉइड १० पासून आणि २०२० च्या आयओएस १४ पासून फोन प्रत्येक वाय-फायला वेगळा, मनाने बनवलेला मॅक दाखवतात, जेणेकरून दुकानांना आणि विमानतळांना माणसाचा माग काढता येऊ नये. भाड्याची काळी पाटी लावलेली स्कूटर समुद्रकिनाऱ्यावर दिसते. पाटीवरून आत्ता चालवतोय कोण ते कळत नाही. तसंच. मॅक बघून फोनला वाय-फायची परवानगी देण्याची जुनी सवय त्यामुळे आता फारशी कामाची नाही.

उलट दिशेची एक गंमत. आयपीव्ही६ या आयपी पत्त्यांच्या नव्या पद्धतीत काही यंत्रं मॅकपासूनच आपल्या पत्त्याचा मागचा अर्धा भाग बनवतात: पहिल्या जोडीत ते दोन आणे नसले तर घालायचे, असले तर काढायचे, आणि मधोमध एफएफएफई. बी८ चं बीए होतं. बीए२७:ईबीएफएफ:एफई१२:३४५६. हे ओळखता आलं की पत्त्यातून मॅक परत काढता येतो, आणि म्हणूनच ही पद्धतही मागे पडत चालली आहे.

नेट का रडत होतं त्याचं उत्तर या आकड्यांत नव्हतंच. माडीवर चार मुलं चार पडद्यांवर व्हिडिओ बघत होती.

(दृश्य: लॅपटॉपचा पडदा. यादीतली ती नोंद.)

जाण्याआधी मुलाने नाव नसलेल्या नोंदीपुढे कळफलकावर तीन अक्षरं लिहिली: माटोळी. पाचव्या दिवशी विसर्जन झालं, चौकट उतरवली, तेव्हा ती नोंद करडी पडली. यादीत तिघांचेच फोन उरले, आणि टीव्ही.