हेड पॅकिंग परत वापरायचं का? तांब्याचं आणि स्टीलचं

नमस्कार मंडळी. टेबलावर दोन हेड पॅकिंग ठेवलीत, म्हणजे इंजिनाचा ब्लॉक आणि त्यावरचं हेड यांच्यामधली सील. हे लालसर, तांब्याच्या एकाच पत्र्यातून कापलेलं. हे दुसरं काळपट, कारच्या इंजिनातलं, स्टीलचे तीन पदर रिव्हेटने जोडलेलं, म्हणजे एमएलएस (मल्टी-लेयर स्टील). दोन्ही धातूचीच. पण ‘मेटलचं आहे ना, मग चालतंय परत’ हे फक्त पहिल्याला लागू.

आधी स्टीलवालं उरकू. कॅमेरा जवळ घेतो. सिलिंडरच्या भोकाभोवती ही उठावाची कड दिसतेय? नव्या पॅकिंगवर ती नखाला अडते, इथे नख सरळ सरकतंय. ही कड म्हणजे पॅकिंगची स्प्रिंग. प्रत्येक स्फोटाला हेड किंचित उचललं जातं आणि ती फट हीच कड भरून काढते. एकदा चेपली की संपली. वर रबराचा पातळ थर असतो, साधारण 25 मायक्रॉनचा. हेड उतरवताना तो अर्धा ब्लॉकला चिकटला, पाण्याच्या भोकाशेजारी उघडं स्टील चमकतंय बघा. हे भंगारात.

‘वरून सिलिकॉन फासू’ असा सल्ला मिळेल. फासू नका. पेट्रोल इंजिनात पूर्ण लोडला स्फोटाचा दाब 50 बारच्या वर जातो, तिथे सिलिकॉनचं काय चालणार? उलट दाबून बाहेर आलेला तुकडा तेलाच्या वाटेत अडकला तर कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) कोरडा फिरेल. पॅकिंगचे पैसे वाचवायला हेडचं काम कशाला वाढवायचं?

आता तांबं. हवेने थंड होणाऱ्या (एअर-कूल्ड) एका सिलिंडरच्या इंजिनात, जुन्या आणि रेसच्या इंजिनांत हे भेटतं. दाब खाऊन खाऊन तांबं कडक होतं. लादीवर टाकतो, ऐका: ठण्ण. हा आवाज आला की ते हेडच्या बारीक उंचसखल भागात बसणार नाही. त्याला तापवून मऊ करायचं.

सपाट विटेवर ठेवा, गरम तांबं स्वतःच्या वजनाने वाकतं. गॅस टॉर्च गोल फिरवत राहा. सावलीत करा, उन्हात रंग कळत नाही. मंद लाल दिसला की थांबा, नारिंगीपर्यंत नेऊ नका. आता सरळ पाण्यात. हो, पाण्यातच! पोलाद असं कडक होतं, तांबं होत नाही, वर काळी खपली मात्र सुटते. पुन्हा टाकतो. थड्. झालं. काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवून दोन्ही बाजू हलक्या हाताने घासा. घडी किंवा चीर दिसली तर मात्र नवंच घ्या. अ‍ॅल्युमिनियमच्या पॅकिंगवर हा प्रयोग करू नका, ते लाल न दिसताच 660 अंशांना वितळतं.

सीलंट? एअर-कूल्डला कॉपर स्प्रेचा, म्हणजे तांब्याची पूड असलेल्या सीलंटचा, पातळ हात पुरतो. वॉटर-कूल्ड इंजिनात तांबं पाणी नीट धरत नाही, म्हणून पाण्याच्या भोकांभोवती सीलंटची बारीक रेघ लागते. सिलिंडरच्या कडेला ती नको.

खरं सील बोल्टच्या ओढीने होतं आणि ती ओढ सपाट जागेवरच कामी येते. हेडवर स्टीलची सरळ पट्टी उभी धरा, कर्णातसुद्धा, आणि खाली फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घाला. बऱ्याच इंजिनांना 0.05 मिमीच्या आसपासच वाकडेपणाची सूट असते, नेमका आकडा मॅन्युअलमध्ये बघा. जास्त भरलं तर लेथवाल्याकडे फेसिंग, म्हणजे हेड घासून सपाट करणं.

ब्लॉकमधली बोल्टची भोकं हवा मारून कोरडी करा. तळाशी तेल-पाणी राहिलं तर बोल्ट त्यावरच अडतो, टॉर्क रेंच (ठरलेल्या जोराला वाजणारा पाना) ‘कट्’ म्हणतो आणि हेड ढिलंच राहतं. कधी ब्लॉकही तडकतो. कोनात फिरवून आवळायचे, ताणले जाणारे बोल्ट असतील तर नवेच घाला. आवळताना मधून बाहेर, दोन-तीन टप्प्यांत.

तांब्याचं पॅकिंग पहिल्यांदा तापून पूर्ण थंड झालं की टॉर्क (बोल्ट आवळल्याचा जोर) परत तपासा, थोडा उतरलेला सापडतोच. नव्या एमएलएसला तशी गरज नसते.