डाव्या हाताचं काम
(लघु माहितीपटाचं निवेदन)

(दृश्य : ग्वाल्हेर, लष्कर. जुन्या वाड्याची माडी. टेबलावर कीबोर्ड, खाली सतरंजीवर पेटी. आधी वादन, मग निवेदन.)

कीबोर्डच्या नावावर काळी चिकटपट्टी दिसते आहे ना, ती आम्ही लावली. नाव कळलं की माणूस नावच ऐकायला लागतो. एवढं सांगायला हरकत नाही की वाद्याला 61 पट्ट्या आहेत, म्हणजे पाच सप्तकं. आत काहीशे आवाज भरलेले आहेत. त्यात सतार, सनई, बासरी, तानपुरा, तबला आहे आणि पेटीसुद्धा आहे. वाजवणारी मुलगी लग्नाच्या आणि शाळेच्या कार्यक्रमांत साथ करते. मागे लोडाला टेकलेले तिचे काका. त्यांचं आयुष्य गवई आणि कीर्तनकार यांच्यामागे पेटी धरण्यात गेलं. दुकानदार ओळखीचा, म्हणून वाद्य पारखायला घरी मिळालं. ठेवायचं की परत करायचं, ते दोघं मिळून ठरवणार.

(दृश्य : किल्ला. तानसेनाची समाधी. महाराज बाडा.)

ग्वाल्हेरवर माहितीपट करायचा आणि किल्ला दाखवायचा नाही, असं चालत नाही. तर हा किल्ला. ही तानसेनाची समाधी. दर डिसेंबरात इथल्या समारोहाची सुरुवात हरिकथा आणि मिलादनं होते. आणि हा महाराज बाडा, शहराचा मुख्य चौक. हस्सू-हद्दू खाँच्या गायकीचं हे गाव. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी ग्वाल्हेरचा ख्याल महाराष्ट्रात नेला. 1914 साली कृष्णराव शंकर पंडितांनी इथं शंकर गांधर्व महाविद्यालय काढलं. 1918 मध्ये संगीतशास्त्रज्ञ भातखंड्यांच्या पुढाकारानं माधव संगीत महाविद्यालय उभं राहिलं. 2023 मध्ये युनेस्कोनं शहराला संगीतनगरीचा मान दिला.

अशा गावात कीबोर्ड पारखायचा तर दुकानातली रीत पुरत नाही. दुकानात एक बटण दाबतात, ढोल-गिटार-व्हायोलिन सगळं एकदम सुरू होतं आणि गिऱ्हाईक खूश होतं. त्यात वाजवणाऱ्याचा हात कुठंच नसतो.

(दृश्य : पेटीचा भाता. काकांचा डावा हात, जवळून.)

हा हात नीट बघून ठेवा, पुढचं सगळं त्याच्याबद्दल आहे.

1842 साली पॅरिसच्या देबँ यांनी हार्मोनियमचं पेटंट घेतलं, तेव्हा भाता पायाखाली होता. वाद्य इकडे आलं, भाता पाठीमागे गेला, वाजवणारा मांडी घालून बसला. डावा हात हवेला लागला आणि सगळं गाणं उजव्यावर आलं. त्या एका हातानं किती करता येतं, हे याच गावानं दाखवलं. शिंदे राजघराण्यातले भैया गणपतराव पेटीवर ठुमरी वाजवत. मौजुद्दीन खाँसारखा गायक त्यांचा शागीर्द होता.

तरी पेटीवरचे दोन आरोप कधी पुसले गेले नाहीत. पहिला, तिच्यावर मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, निघत नाही. पट्टीवरून पट्टीवर उडीच मारावी लागते. दुसरा, तिचे बाराही सूर सारख्या अंतरावर बांधलेले, त्यामुळे शुद्ध गांधार, धैवत, निषाद, म्हणजे ग, ध, नि, चढे लागतात. रवींद्रनाथांनाही पेटी सहन होत नसे. 1940 मध्ये ऑल इंडिया रेडिओनं तिला दार बंद केलं. ते किलकिलं झालं 1971 मध्ये, तेही अटी घालून.

आता गंमत बघा. ज्या दोन दोषांपायी पेटी तीस वर्षं रेडिओच्या बाहेर बसली, ते दोन्ही दोष टेबलावरच्या या यंत्रात काढता येतात. मींडेसाठी चक्र आहे, सुरांसाठी स्केल ट्यूनिंग, म्हणजे एकेक सूर वेगळा चढवायची-उतरवायची सोय, आहे. दुकानात यातलं काहीच दाखवत नाहीत. चक्र निदान नजरेला पडतं; स्केल ट्यूनिंग तर मेन्यूच्या इतकं तळाशी पुरलंय की पुतणीला ते माहितीपुस्तिकेत शोधावं लागलं.

(दृश्य : पिच बेंडचं चक्र. पुतणीचा डावा हात त्यावर.)

आधी चक्र, म्हणजे दाबलेला सूर वर-खाली वाकवायचं चाक. कारखान्यातून वाद्य येतं तेव्हा चक्राची मजल दोन पट्ट्या वर आणि दोन पट्ट्या खाली इतकी असते. काकांनी भूप राग मागितला. भूपात पंचमावरून गांधारावर येणारी मींड तीन पट्ट्यांची.

«दोनच? मतलब भूपसुद्धा निघायचा नाही,» काका म्हणाले.

«थांबा काका, वाढवता येतं.»

तिनं मजल तीनवर नेली. पंचम दाबला, चक्र तळाला टेकवलं, गांधार आला. सोपं झालं म्हणून ती हसते आहे, बघा. काका हसत नाहीयेत. चक्र जिथं टेकलं तो गांधार पेटीचाच होता, चढा. मग त्यांनी मजल चारवर न्यायला लावली. आता चक्र तळाला टेकवून चालत नाही. मधेच, कानाला पटेल तिथं थांबवावं लागतं. हात चुकला की सूर चुकला.

(निवेदन थांबते. पंचम ते गांधार, सगळे प्रयत्न सलग ऐकू द्यावेत.)

चक्राच्या आणखी दोन खोडी या चित्रीकरणात सापडल्या. चक्र स्प्रिंगवर आहे, सोडलं की मध्यावर परत येतं. पट्टी सोडल्यावर जो थोडा आवाज मागे रेंगाळतो, तो चक्राबरोबर वर सरकतो आणि मींडेला नको ती शेपटी फुटते. म्हणून आधी सूर विझू द्यायचा, मग चक्र सोडायचं. दुसरी खोडी मोठी. चक्र एका सुराला वाकवत नाही, त्या आवाजात वाजणाऱ्या सगळ्याच सुरांना वाकवतं. पेटीवाले सवयीनं करंगळीखाली षड्ज धरून ठेवतात. इथं तो धरला की मींडेबरोबर षड्जही घसरतो. काकांची करंगळी पुन्हा पुन्हा षड्जाकडे जाते, ते या दृश्यात दिसेल.

चक्र गुळगुळीत सरकतं की पायऱ्यापायऱ्यांनी, हेही ऐकायचं. 1983 साली आलेल्या मिडी पद्धतीत, म्हणजे वाद्यांनी एकमेकांना सूचना देण्याच्या रीतीत, सूर वाकवायला 16,384 पायऱ्यांची सोय आहे. प्रत्येक वाद्याचं चक्र तेवढ्या वापरतंच असं नाही. लांब मजलेवर अगदी हळू फिरवलं की खरखर ऐकू येते किंवा येत नाही. या वाद्यात आली नाही.

(दृश्य : तानपुरा, काळी एकमध्ये, म्हणजे सप्तकातली पहिली काळी पट्टी षड्ज धरून लावलेला. मग कीबोर्डचा पडदा.)

आता सूर. कोणत्याही दोन शेजारच्या पट्ट्यांमध्ये 100 सेंटचं अंतर धरलेलं असतं; सेंट हे सुरांमधलं अंतर मोजायचं माप. त्या हिशेबात शुद्ध गांधार षड्जापासून 400 सेंटवर बसतो. नीट जुळलेल्या तानपुऱ्याच्या खर्जाच्या तारेतून जो स्वयंभू, म्हणजे आपोआप उमटणारा, गांधार ऐकू येतो, तो असतो 386 वर. फरक 14 सेंटचा. कागदावर काहीच नाही वाटत. म्हणून आम्ही तो ऐकवतो आहोत. खर्ज छेडला, वर कीबोर्डचा तार गांधार धरला. काळी एकच्या षड्जाला हे दोन सूर एकमेकांवर सेकंदाला जवळजवळ तीन लाटा उठवतात.

(लाटा ऐकू द्याव्यात. पुतणी गांधार 14 सेंट उतरवते. लाटा थांबतात. काकांचा चेहरा.)

पेटीही अशी लावून मिळते, नाही असं नाही. गांधार ट्यूनिंगची पेटी म्हणतात तिला. पण ती एका षड्जाला बांधली जाते. गायिका काळी चारमध्ये गाणारी आली की संपलं. कीबोर्डमध्ये आकडे बदलले की काम होतं. इथं एक परीक्षा मात्र घ्यावीच लागते. ट्रान्सपोजचं बटण दाबून षड्ज हलवला तर हे उतरवलेले सूर त्याच्याबरोबर हलतात का? काही यंत्रांत हलतात. यात हलले नाहीत, गांधाराचा उतार भलत्याच सुरावर जाऊन बसला. वाद्य बंद करून चालू केल्यावरही आकडे टिकतात का, तेही बघितलं. नुसते टिकत नाहीत. आठवणीनं साठवून ठेवले तर टिकतात.

(दृश्य : आवाजांच्या यादीवरून फिरणारं बोट. जुन्या सिंथेसायझरचं छायाचित्र.)

आता आवाजाकडे. इथं थोडं मागं जायला हवं, कारण ही गोष्ट आपल्या कानाला जवळची आहे. 1967 साली अमेरिकेत, स्टॅनफर्ड विद्यापीठात, जॉन चाउनिंग नावाचे संगीतकार संगणकावर सुराला आंदोलन देऊन बघत होते. आंदोलनाचा वेग वाढवत नेला, वाढवत नेला, आणि एका टप्प्यावर ते आंदोलन म्हणून ऐकू येईनासं झालं. सुराचा रंगच बदलला. कधी घंटेसारखा, कधी पितळी. स्टॅनफर्डनं हे तंत्र यामाहाला दिलं आणि 1983 मध्ये डीएक्स-7 आला. सहा ऑपरेटर, म्हणजे सूर घडवणारे घटक, ते जोडायच्या 32 रीती, एका वेळी 16 सूर. त्यात कोणत्याही खऱ्या वाद्याचं ध्वनिमुद्रण नव्हतं. सगळे आवाज गणितातून निघत. 1987 च्या रोलँड डी-50 नं सुराच्या आरंभाला मुद्रित आवाजाचा तुकडा लावला आणि पुढचा भाग यंत्राकडून करून घेतला. 1988 च्या कॉर्ग एम-1 मध्ये मुद्रित तुकड्यांवरच सगळा डोलारा उभा राहिला. टेबलावरचं यंत्र त्याच वंशातलं.

म्हणून त्याची पारख मुद्रित तुकड्यांसारखी करायची. एकच सूर दाबून धरा. काही वेळानं आतला तुकडा परत परत फिरायला लागतो. तो जोड ऐकू आला तर तो आवाज आलापाला निरुपयोगी. मग एकेक पट्टी वर चढत जा. वादकानं मुळात कंप देऊन वाजवलेली सनई एकाच तुकड्यातून ताणून वर नेली असेल, तर वरच्या पट्ट्यांवर कंपाचा वेग वाढतो आणि सनई घाबरल्यासारखी वाटते. या वाद्यातली सनई तशीच आहे. बासरी बरी. सतारीचा छेड झकास, पण सतार छेडून संपत नाही, पुढे ती ओढली जाते. आणि ओढायला पुन्हा डावा हातच लागतो.

पॉलिफोनी 64 ची, म्हणजे एका वेळी 64 सूर वाजतात. ऐकायला भरपूर, पण तीन-चार थर लावलेला आवाज एका पट्टीला तीन-चार सूर खातो. पेडल दाबून वाजवत राहिलं की आधीचे सूर मधेच तुटतात.

(दृश्य : पुन्हा पेटी. काका सूर फुगवतात, उतरवतात.)

आणि पेटीचा आवाज? काकांनी तो एकदा ऐकला.

«आवाज आहे गं, पण फुगत नाही.»

खरं आहे. पेटीत पट्टी जोरात दाबली काय, हळू दाबली काय, फरक पडत नाही, सगळं भात्यावर. कीबोर्डचं उलटं. आघात किती जोराचा, यावर आवाज ठरतो आणि एकदा पट्टी दाबली की पुढे ती काही ऐकत नाही. त्यावर उपाय एक्स्प्रेशन पेडल. आवाज पायानं वाढवायचा, पायानं उतरवायचा. पॅरिसमध्ये जो भाता पायाखाली होता, तो एवढा प्रवास करून परत पायाखाली आला.

(दृश्य : पाय पेडलवर, डावा हात चक्रावर, उजवा पट्ट्यांवर. तिन्ही एका चौकटीत.)

पेडल उधारीवर आणलं होतं. या जोडणीत काकांनी पेटीचा आवाज घेतलाच नाही. पेटीला मींड दिली की ती सोंग आणल्यासारखी वाटते, असं त्यांचं म्हणणं, आणि ते आम्हालाही पटलं. व्हायोलिनचा एक साधा आवाज त्यांनी निवडला. काहीशे आवाजांतून एक.

(निवेदन नाही. भूप, पूर्ण.)

(दृश्य : देवळातलं कीर्तन. झांजा, तबला.)

तालाचं थोडक्यात. केरवा, दादरा, रूपक, तीनताल आत आहेत आणि घरी रियाजाला चांगले आहेत. कीर्तनात उत्तररंगाच्या शेवटी बुवा लय वाढवतात ती डोळ्यांनी खुणावून. यंत्राला डोळे नाहीत. आतले स्पीकर माडीला पुरतात, मांडवाला नाही. बाहेरचा स्पीकर ब्लूटूथवर लावला तर आवाज पट्टीच्या मागून येतो. तिथं वायरच हवी.

ग्वाल्हेरच्या या लष्कर भागात पेटीचे सूर लावून देणारा आता शोधावा लागतो, तानपुऱ्याची जवारी काढणारा, म्हणजे घोडी घासून नाद जुळवणारा, त्याहून.

(दृश्य : खोकं बांधलं जात नाही, उघडलं जातं.)

वाद्य ठेवलं. किमतीत सूट मिळाली नाही, तेव्हा त्याऐवजी पेडल मागून घेतलं. सनई कोणी मागितली तर पुतणी बासरीवर भागवणार. कीर्तनाला पेटीच जाईल, असं काकांनी परस्पर सांगून टाकलं. लग्नाचा हंगाम तिचा. ट्रान्सपोजची अडचण आहे तशी आहे, म्हणून प्रत्येक षड्जासाठी आकडे वेगळे साठवायचं काम तिनं सुरू केलंय.

(पडद्यावर आकडे.)

ज्यांच्याकडे असा कीबोर्ड आहे त्यांनी चित्र इथं थांबवून लिहून घ्या. भूप, षड्ज काळी एक. काळी दोनचा रिषभ 4 सेंट वर. पांढरी चारचा गांधार 14 खाली. काळी चारचा पंचम 2 वर. काळी पाचचा धैवत 16 खाली. चक्राची मजल चार.