एक शब्द आणि तीन रोजे

नमस्कार मंडळी.

समजा, एखाद्याने अल्लाहची शपथ घेतली आणि ती मोडली. कुराणाच्या पाचव्या सूरेत, 89व्या आयतीत, याचा कफ्फारा म्हणजे प्रायश्चित्त दिलंय. दहा गरिबांना जेवू घाला, किंवा कपडे द्या, किंवा एक गुलाम मुक्त करा. यातलं काहीच परवडत नसेल तर 'फसियामु सलासति अय्याम', तीन दिवसांचे रोजे.

आता हे तीन रोजे लागोपाठ धरायचे, की एक आज आणि एक पुढच्या आठवड्यात असं चालेल? कोकणी मुसलमान बहुतेक शाफिई. त्यांच्या मजहबात, म्हणजे धर्मशास्त्राच्या परंपरेत, सुटे रोजे चालतात. देशावर बहुसंख्य हनफी या दुसऱ्या मजहबाचे, त्यांच्याकडे लागोपाठच हवेत. कुराण दोघांचंही एकच. मग हा फरक आला कुठून?

एका शब्दातून. 'मुतताबिआत', म्हणजे खंड न पाडता, ओळीने. आज नमाजात जी आयत म्हणतात तिच्यात हा शब्द नाही. पण पैगंबरांचे सहाबी, म्हणजे सोबती, अब्दुल्लाह इब्न मसऊद ती आयत म्हणताना शेवटी हा शब्द घेत, अशी नोंद आहे.

इब्न मसऊद इराकमधल्या कूफ्यात शिकवायचे. इ. स. 650 च्या आसपास खलिफा उस्मान यांनी एक संहिता पक्की केली, तिच्या प्रती मोठ्या शहरांना धाडल्या आणि बाकीच्या नष्ट करायला लावल्या. इब्न मसऊदांना हे अजिबात रुचलं नाही. त्यांचं पठण कूफ्यातल्या शिष्यांच्या तोंडी टिकून राहिलं. पुढच्या शतकात त्याच कूफ्यात इमाम अबू हनीफा घडले, ज्यांच्या नावावरून हनफी मजहब ओळखला जातो. लागला ना धागा?

अशा पठणाला 'शाज़' म्हणतात, जमावापासून एकटं पडलेलं. इथे एक गल्लत टाळू या. फातिहामध्ये, म्हणजे कुराणाच्या पहिल्या सूरेत, कुणी 'मालिक' म्हणतं, कुणी 'मलिक'. ते शाज़ नव्हे, दोन्ही मान्य पाठ आहेत. मान्यतेच्या अटी पठणशास्त्राचे विद्वान इब्न अल-जज़री यांनी नेमक्या मांडल्या. पाठ अरबी व्याकरणात बसावा, उस्मानी लेखनाशी जुळावा आणि त्याची गुरुपरंपरा खात्रीची असावी. 'मुतताबिआत' दुसऱ्याच अटीवर अडतो, कारण उस्मानी लेखनात ती अक्षरंच नाहीत.

हा वाद फक्त पुस्तकांत राहिला नाही. 935 साली बगदादमध्ये इब्न शनबूज़ नावाच्या मोठ्या कारींना, म्हणजे कुराणपठणाच्या जाणकारांना, वजीर इब्न मुक़्ला यांच्यासमोर उभं केलं गेलं, कारण ते लोकांसमोर असे पाठ म्हणत. फटके बसले, माघार लिहून द्यावी लागली. त्यांच्यावरच्या आरोपांतला एक पाठ शुक्रवारच्या नमाजाच्या आयतीतला होता. मान्य पाठ 'फसऔ', म्हणजे धाव घ्या. ते म्हणत 'फम्ज़ू', म्हणजे निघा, चला. हाच पाठ इब्न मसऊदांचाही सांगतात. ते म्हणत, मी 'फसऔ' वाचलं असतं, तर अंगावरची चादर गळून पडेपर्यंत धावलो असतो! मला हे वाक्य फार आवडतं. नमाजाला पळत सुटायचं नसतं, मनापासून निघायचं असतं, हा अर्थ त्या एका पाठाने उलगडतो. नवव्या शतकातले विद्वान अबू उबैद हेच म्हणत, की असे पाठ मान्य पाठाचा अर्थ स्पष्ट करतात.

पण अर्थ समजून घेणं वेगळं आणि त्यावर कायदा उभा करणं वेगळं. हनफींचा युक्तिवाद असा: इब्न मसऊदांनी तो शब्द मनाने घातला नसणार, पैगंबरांकडूनच ऐकला असणार. मग नमाजात म्हणता आला नाही तरी आचरणात तो बांधील आहे. शाफिई विद्वान इमाम गज़ाली हे मानत नाहीत. कुराण म्हणून तो सिद्ध होत नाही आणि हदीस, म्हणजे पैगंबरांचं वचन, म्हणून तर तो सांगितलेलाच नाही. कदाचित ते इब्न मसऊदांचं स्वतःचं मत असेल, मग ते सगळ्यांवर बंधनकारक कसं?

तर्क गज़ालींचा भक्कम आहे, हे मी मान्य करतो. तरी माझं मन हनफींकडे झुकतं. ज्या माणसाने पैगंबरांच्या तोंडून सत्तरहून अधिक सूरा ऐकून पाठ केल्या, त्याच्या ओठांवरचा शब्द निव्वळ टिपण म्हणून बाजूला ठेवायला माझा जीव धजत नाही.