पहिली शंका सिस्टरला येते

नमस्कार श्रोतेहो.

मिरजेत नर्सिंगच्या मुलींना शिकवण्यात माझी उभी हयात गेली. आज बोलणार आहे ते जैविक हल्ल्याबद्दल. कुणी मुद्दाम रोगजंतू पसरवले, तर आपल्या परिचारिका तयार आहेत का?

“आपल्या सांगलीत कोण कशाला असलं करील?” असं तुमच्या मनात आलं असेल. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात द डॅल्स नावाचं लहानसं गाव आहे. तिथे १९८४ साली रजनीशांच्या काही अनुयायांनी हॉटेलांतल्या सॅलडमध्ये साल्मोनेलाचे जंतू मिसळले. ७५१ माणसं आजारी पडली. सुदैवाने कुणी दगावलं नाही. पण हे मुद्दाम केलेलं होतं, हे उघड व्हायला वर्ष गेलं.

जंतू पसरले की आवाज होत नाही, धूर दिसत नाही. दोन-चार दिवसांनी माणसं कणकण घेऊन ओपीडीत येतात, आणि त्यांच्याशी पहिलं बोलते ती सिस्टर. २००१ साली अमेरिकेत टपालातून अँथ्रॅक्सची पूड पाठवली गेली. २२ जणांना लागण झाली, पाच गेले. त्यातल्या एका टपाल कर्मचाऱ्याला इस्पितळाने तपासून घरी पाठवलं होतं. दुसऱ्या दिवशी तो परत आला आणि दगावला. “काम काय करता? बरोबरच्या आणखी कुणाला त्रास होतोय का?” हे दोन प्रश्न केसपेपरवर असलेच पाहिजेत, असं मी मुलींना तेव्हापासून बजावत आले.

अँथ्रॅक्स म्हणजे आपली काळपुळी, जनावरांतली फाशी. कातडीवर पुळी येते, मधोमध कोळशासारखी काळी खपली धरते, आणि ती दुखत नाही. दुखत नाही म्हणूनच माणूस अंगावर काढतो. देवीचं तर आणखी अवघड. १९८० साली जग देवीमुक्त जाहीर झालं. आजच्या मुलींनी तो रोगी पाहिलेलाच नाही. कांजिण्यांचे फोड छाती-पोट-पाठीवर जास्त, कुठे ताजे तर कुठे सुकलेले. देवीचे फोड चेहऱ्यावर आणि हातापायांवर दाट, आणि एका भागातले सगळे एकाच अवस्थेत. हा फरक चित्रं दाखवून पुन्हा पुन्हा घोटून घ्यावा लागतो.

नुसत्या व्याख्यानाने मात्र काही होत नाही. मी तेलात कुंकू कालवून मुलींच्या हातमोज्यांना फासायची आणि म्हणायची, आता अंगावरचं संरक्षक किट उतरवा. एकदा एक हुशार मुलगी सगळं नीट करून हसत उभी राहिली. हात स्वच्छ, गाऊन गुंडाळून पिशवीत. मी तिला आरसा दिला. मास्कची दोरी काढताना लागलेलं कुंकू कानामागे लालभडक होतं. कुंकवाच्या जागी प्लेगचे जंतू असते तर? मोजे आधी, मास्क शेवटी, मध्ये हात धुणं, हे तिला पुन्हा सांगावं लागलं नाही.

सावित्रीबाई आपल्या सातारा जिल्ह्यातल्या नायगावच्या. १८९७ साली प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना त्याच रोगाने गेल्या. त्यांच्यापाशी ना किट होतं, ना औषध. आज दोन्ही आहे. मग सराव का नसावा?

म्हणून माझं मागणं आहे, प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात सहा महिन्यांतून एकदा ही तालीम व्हावी. आणि ती सकाळी, साहेब हजर असताना नको. रात्री अडीच वाजता घ्या, वॉर्डात एकटीच सिस्टर असते तेव्हा. एकाच लग्नात जेवलेले चौघे रोगी समोर आहेत, डॉक्टर वाटेत आहेत. त्या चौघांना कुठे बसवायचं आणि जिल्ह्याच्या आरोग्य कार्यालयाला फोन कुणी करायचा, ते तिला तिथल्या तिथे ठरवू द्या.